निजलेला विषाणू आणि धुराने थकलेली छाती



आजारपणाबद्दल आपण बोलतो तेव्हा बहुतेक वेळा बाहेरून आलेल्या आजाराबद्दल बोलतो. साथ आली, पाणी बिघडलं, डास चावला, कुणाची तरी लागण झाली. आज मात्र वेगळ्या जंतूंची गोष्ट सांगायची आहे. हे जंतू कधीच आत शिरलेले असतात. ते शरीराच्या एखाद्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं निजून राहतात. राखण ढिली पडली, की उठतात.

एकाच घरातल्या दोन जावा घ्या. दोघींना लहानपणी कांजिण्या येऊन गेलेल्या. साठीला आल्यावर एकीच्या बरगडीवर नागीण उठते, दुसरीला काहीच होत नाही. जंतू दोघींच्या अंगात आहे, मग फरक कशाचा? फरक राखणीचा असतो. ही राखण कमी होण्याची कारणं अनेक आहेत. वय हे एक, साखरेचा आजार हे दुसरं. आपल्या बायकांच्या बाबतीत आणखी एक कारण फार वर्षं कुणाच्या नजरेला आलं नाही. ते म्हणजे चुलीच्या धुराने जुनाट दुखणं जडलेली छाती. हे कसं कळत गेलं, याचा इतिहास आज पाहू.

सुरुवात पुण्याच्या सदाशिव पेठेतून करू या. स्वारगेटला एसटीतून उतरून लक्ष्मी रस्त्यावर लग्नाचा बस्ता बांधायला तुम्ही गेला असाल, तर या पेठेतून नाहीतर तिच्या कडेने नक्की गेला असाल. पेशव्यांच्या काळात वसलेली ही पेठ. १७६१ साली पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचं नाव तिला मिळालं. आज तिथे इमारती आहेत, पण पूर्वी वाडे होते. पुढे ओसरी, मधे चौक, मग माजघर आणि मागच्या अंगाला स्वयंपाकघर. या स्वयंपाकघरात उजेड कमी आणि वारा त्याहून कमी. चुलीत लाकडं आणि शेणी. पहाटे पाणी तापवण्यापासून रात्री दूध तापवेपर्यंत विस्तव विझायचा नाही. भिंती काळ्या, आढं काळं. त्या धुरात बसलेली असायची घरातली बाई. तिच्यात सासुरवाशीण होती, सासू होती आणि ज्यांचं सारं आयुष्य दुसऱ्यांना रांधून घालण्यात गेलं अशा विधवा बायकाही होत्या.

याच पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी ते १९१० साली स्थापन केलं. जुने कागद गोळा करायचे, जपायचे आणि वाचायचे, हे त्याचं काम. लढाया, तह, इनामं, वतनं, हिशेब यांचे हजारो कागद तिथे जपले आहेत. पण चुलीपुढे खोकणाऱ्या बाईच्या खोकल्याचा कागद सहसा कुणी केलाच नाही. तो आजारच धरला जात नसे. ‘धूर गेला घशात’ म्हणायचं आणि फुंकणी पुन्हा तोंडाला लावायची.

आता पुण्याच्याच एका बाईकडे येऊ. छातीच्या आजाराने ती गेली, म्हणून तिची गोष्ट इथे सांगायची. आनंदीबाई जोशी. जन्म ३१ मार्च १८६५, पुण्यातला. १८८३ साली त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांची वाट पाहत होती. पण अमेरिकेतच त्यांची तब्येत ढासळली. क्षयाने पोखरलेल्या त्या परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यातच गेल्या. वयाची २२ वर्षंही पुरी झाली नव्हती. फिलाडेल्फियाच्या त्यांच्या खोलीतली शेगडी नीट नव्हती, पेटवली की खोली धुराने भरायची, असं त्यांच्याबद्दल लिहिलेलं आहे. म्हणजे धूर सोसा, नाहीतर थंडी सोसा. त्यातच परक्या मुलखातलं खाणं आणि रात्रंदिवस अभ्यास.

गंमत बघा. आनंदीबाई निघाल्या त्याच्या आदल्याच वर्षी, २४ मार्च १८८२ रोजी, बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी इटलीच्या समुद्रकिनारी मेचनिकॉव्ह नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने दुसरी गोष्ट पाहिली. तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात त्याने काटा टोचला. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती बारीक पेशींचा वेढा पडलेला दिसला. परकं काही आत आलं तर धावून जाणाऱ्या आणि त्याला गिळू पाहणाऱ्या पेशी शरीरात असतात, हे त्यातून पुढे आलं. एकाच वर्षी चोरही कळला आणि राखणदारही कळला. पण पुढची कित्येक वर्षं जगाचं लक्ष चोरावर राहिलं, राखणदाराकडे कमी गेलं.

क्षयाने मोठा धडा दिला. क्षयाचा जंतू अंगात शिरला म्हणजे क्षय झालाच असं नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की जगातल्या साधारण चौथाई माणसांच्या अंगात हा जंतू कधी ना कधी शिरलेला आहे. त्यांच्यापैकी आयुष्यात प्रत्यक्ष आजारी पडतात ते १०० तले ५ ते १०. बाकीच्यांच्या छातीत राखणदार पेशी जंतूभोवती कोंडाळं करून त्याला गप्प बसवतात. उपासमार, साखरेचा आजार, एचआयव्ही, तंबाखू, धूर यांनी ही राखण ढिली झाली की तोच जुना जंतू डोकं वर काढतो.

क्षयाचा जंतू हा जीवाणू. विषाणू त्याहून कितीतरी बारीक. मग विषाणूही असा निजून राहू शकतो का? याचं उत्तर आपल्या ओळखीच्या दुखण्याने दिलं. ते दुखणं म्हणजे नागीण.

नागीण आपल्याला नवी नाही. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यात आग होते, मग पाण्याने भरलेले फोड उठतात. नागिणीचं तोंड आणि शेपूट मिळालं की माणूस जातो, असं आपल्याकडे म्हणतात. कुणी गेरू लावतं, कुणी मंत्र घालायला नेतं. पट्टा का उठतो याचं कारण सरळ आहे. पाठीच्या कण्यातून निघणारी प्रत्येक नस अंगाच्या एका बाजूचा एक पट्टा सांभाळते. ज्या नसेच्या मुळाशी विषाणू निजलेला असतो, त्याच नसेच्या पट्ट्यात फोड येतात. म्हणून ते सहसा अंगाच्या मध्यावर थांबतात. तोंड-शेपटीची भीती मनातून काढून टाका. आगीची आणि नंतर महिनोन् महिने राहणाऱ्या दुखण्याची काळजी मात्र घ्या.

कांजिण्या आणि नागीण यांचं नातं आहे, हा संशय एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हंगेरीतल्या बोकाई नावाच्या डॉक्टरला आला. घरातल्या मोठ्या माणसाला नागीण झाली की थोड्या दिवसांनी त्याच घरातल्या मुलांना कांजिण्या येतात, हे त्याने पाहिलं. पण खरा उलगडा केला तो इंग्लंडमधल्या एका छोट्या गावच्या डॉक्टरने. त्याचं नाव एडगर होप-सिम्पसन, गाव सायरेन्सेस्टर. मोठी प्रयोगशाळा नाही, मोठं इस्पितळ नाही. त्याच्याकडे होती ती नोंदवही. १९४७ पासून १६ वर्षं त्याने आपल्या दवाखान्यात आलेल्या नागिणीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली. १९२ रुग्ण झाले. त्यात त्याला दिसलं, की वय वाढेल तशी नागीण वाढते आणि कांजिण्यांच्या साथीबरोबर ती येत-जात नाही. १९६५ साली त्याने आपलं म्हणणं मांडलं. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू जात नाही. तो नसांच्या मुळाशी निजतो. शरीराची राखण त्याला दाबून ठेवते, आणि राखण एका पातळीच्या खाली गेली की तो नसेतून कातडीवर येतो. पुढे १९८४ साली एकाच माणसाच्या कांजिण्यांतला आणि नंतरच्या नागिणीतला विषाणू तपासला, तेव्हा तो एकच निघाला. गावच्या डॉक्टरची वही खरी ठरली.

त्याच सुमारास आणखी एक निजलेला विषाणू सापडला, तोही योगायोगाने. १९५३ साली अमेरिकेत शास्त्रज्ञ मुलांच्या घशातून शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठी काचेच्या नळ्यांत वाढवत होते. काही आठवड्यांनी त्या आपोआप नासू लागल्या. बाहेरून काही घातलं नव्हतं. विषाणू त्या गाठींतच दबा धरून होता. घशामागच्या या गाठींना वैद्यकात ॲडिनॉइड म्हणतात, म्हणून त्या विषाणूचं नाव पडलं ॲडिनोव्हायरस. पुढे अशी आणखी नावं कळली. १९६४ साली एपस्टीन-बार विषाणू सापडला. सायटोमेगॅलो नावाचा एक विषाणू आपल्या देशात बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात असतो. एकदा आले की हे जन्माचे पाहुणे. धडधाकट माणसाला त्यांचा पत्ताही लागत नाही.

आता ही गोष्ट इथे थोडी थांबवू आणि चुलीकडे वळू. निजलेल्या विषाणूंची गोष्ट जगात उलगडत होती, त्याच काळात आपल्या देशात धुराची गोष्ट उलगडू लागली होती.

ती उलगडली एका बाईने. डॉक्टर एस. पद्मावती, भारतातल्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ. १९५० च्या दशकात त्या दिल्लीत काम करत होत्या. फुफ्फुसं निकामी होत गेली की त्यांचा भार हृदयाच्या उजव्या बाजूवर येतो, पाय सुजतात, धाप लागते. परदेशी पुस्तकांत हा आजार मुख्यतः विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा म्हणून लिहिलेला. पद्मावतींना मात्र असे रुग्ण बायकांतही जवळजवळ तेवढेच दिसले, आणि या बायका विडी ओढणाऱ्या नव्हत्या. मग हे आलं कुठून? लहानपणापासून बंद खोलीत लाकूड आणि शेणी जाळून केलेल्या स्वयंपाकाकडे त्यांनी बोट दाखवलं. हे म्हणणं १९५९ साली छापून आलं. चुलीपुढच्या खोकल्याला पहिल्यांदा असा पक्का कागद मिळाला. या पद्मावतीबाई १०३ वर्षं जगल्या. ऑगस्ट २०२० मध्ये त्या गेल्या, त्याही कोविडने.

त्यानंतर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ नावाचे अमेरिकी संशोधक आणि त्यांचे भारतीय सहकारी गुजरातच्या खेड्यांत गेले. स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर त्यांनी छोटे पंप लावले आणि त्यांच्या नाकाजवळची हवा मोजली. शहरातल्या घाण हवेलाही लाजवील एवढा धूर तिथे निघाला. धुराड्याची शहरं म्हणजे प्रदूषण आणि खेडं म्हणजे मोकळी हवा, ही समजूत तिथे मोडली. खेड्यात बाहेरची हवा मोकळी असेल, पण बाईच्या वाट्याची हवा चुलीतून येते.

आणि मग पुन्हा पुणं. पुण्यातल्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉक्टर संदीप साळवी आणि लंडनचे डॉक्टर पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’ या नावाजलेल्या वैद्यकीय साप्ताहिकात एक मोठा लेख लिहिला. विषय होता, तंबाखू न ओढणाऱ्यांचा सीओपीडी. त्यांनी सांगितलं, की जगात तंबाखू ओढणारे साधारण १०० कोटी, पण लाकूड, शेणी, काडीकचरा यांचा धूर घेणारे साधारण ३०० कोटी. म्हणजे या आजाराचं कारण फक्त विडी-सिगारेटमध्ये शोधत बसलो, तर निम्म्या जगाकडे पाठ फिरवल्यासारखं होतं. धुराखेरीज आणखी कारणंही त्यांनी मांडली. पूर्वी होऊन गेलेला क्षय, जुना दमा, शेतातली आणि कारखान्यातली धूळ.

सीओपीडी हे नाव लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं आहेत. सोपं सांगायचं तर हा श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा जुनाट आजार. आपल्याकडे याला आणि दम्याला सरसकट ‘दमा’च म्हणतात. पण दम्यात धाप येते आणि बहुधा पूर्ण उतरते. सीओपीडीत ती पूर्ण उतरत नाही, वर्षागणिक वाढत जाते. आपल्या देशात मृत्यूच्या कारणांत हृदयविकाराच्या खालोखाल या आजाराचा क्रमांक लागतो. तरी गावात किती जणींना त्याचं नाव माहीत आहे?

आता दोन्ही गोष्टी एकत्र आणू. धूर राखणदारांचं काय करतो?

आपल्या श्वासनळ्यांना आतून अगदी बारीक केस असतात. ते सतत हलत राहतात आणि धूळ, कफ, जंतू वर ढकलतात. धुराने ते झडतात, आखडतात. त्यांच्या पलीकडे फुफ्फुसाच्या फुग्यांत मेचनिकॉव्हने सांगितल्या त्या जातीच्या गिळणाऱ्या पेशी असतात. आफ्रिकेत मलावी देशात स्वयंपाकघरातला धूर घेणाऱ्या माणसांच्या या पेशी तपासल्या, तेव्हा त्यांच्या पोटात काळे कण भरलेले दिसले. ज्वारीच्या शेतात माळ्यावर राखणीला बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत धूर गेला आणि त्याच्या दोन्ही हातांत धोंडे दिले, तर तो पाखरं कशी हाकणार? तसंच हे. राख गिळून बसलेली पेशी जंतू गिळायला कमी पडते.

राखणदारांची आणखी एक फळी असते. पूर्वी येऊन गेलेल्या विषाणूंची ओळख लक्षात ठेवणाऱ्या या पेशी. निजलेल्या विषाणूंना दाबून ठेवतात त्या याच. सीओपीडीमध्ये छातीत सतत सूज राहते. शरीर रात्रंदिवस बारीक लढाई लढत राहतं. शेवटी या पेशी थकतात. हाक मारली तर येतात, पण जोर राहत नाही. आजार एकीकडे शरीराला नको तिथे लढायला लावतो आणि दुसरीकडे हवं तिथे दुबळं करतो.

याचा पुरावा नागिणीनेच दिला. २०११ साली तैवानच्या संशोधकांनी सीओपीडी असलेल्या हजारो रुग्णांची तुलना तो आजार नसलेल्यांशी केली. सीओपीडी असलेल्यांना नागीण होण्याचा धोका दीडपटीहून जास्त निघाला. त्यातही जे स्टेरॉइडच्या गोळ्या घेत होते, त्यांचा धोका आणखी जास्त. म्हणजे छातीचा आजार छातीपुरता राहत नाही. पाठीच्या कण्याजवळ पन्नास वर्षं निजलेला विषाणूसुद्धा त्याने उठू शकतो.

उलटंही घडतं का? म्हणजे निजलेले विषाणू छातीचा आजार वाढवतात का? या प्रश्नामागे कॅनडाचे डॉक्टर जेम्स हॉग आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं लागले. आजारी फुफ्फुसांत त्यांना तोच घशातल्या गाठींतला ॲडिनोव्हायरस दिसला. पूर्ण विषाणू नाही, त्याचा एक तुकडा फुफ्फुसाच्या पेशींत रुतून बसलेला. हा तुकडा पेशींना धुराला जास्त चिडायला लावत असावा, असं त्यांचं म्हणणं. २००८ साली उत्तर आयर्लंडमधल्या संशोधकांना सीओपीडीच्या रुग्णांच्या थुंकीत एपस्टीन-बार विषाणू जास्त प्रमाणात आढळला. पण इथे एक काळजी घ्यायला हवी. चोर घरात सापडला म्हणजे भिंत त्यानेच पाडली असं होत नाही. कदाचित भिंत आधी पडली आणि चोर मग शिरला. कदाचित दोघांनी मिळून पाडली. हा वाद शास्त्रज्ञांत अजून चालू आहे. धुराने भिंत कमकुवत होते, यात मात्र आता वाद उरलेला नाही. म्हणून विषाणूच्या मागे पळण्याआधी धूर कमी करणं हाच आपल्या हातातला शहाणपणा.

धूर कमी करण्याचाही इतिहास आहे आणि तो आपण पाहिलेला आहे. १९८० च्या दशकात सरकारने सुधारित चुलीचा मोठा कार्यक्रम काढला. धुराड्याच्या चुली गावोगाव बसल्या. पण धुराडं काजळीने तुंबलं तर साफ कोण करणार, चूल तडकली तर दुरुस्त कोण करणार, हे कुणी ठरवलं नव्हतं. चूल बसवताना त्या बाईला विचारलंही नव्हतं, की तुझं भाकरीचं तवं यावर बसतं का. अनेक चुली मोडल्या आणि २००२ साली केंद्र सरकारने तो कार्यक्रम थांबवला. पुण्यातल्या आरती या ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने, डॉक्टर आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने, कमी धुराच्या चुली आणि उसाच्या पाचटाचा कोळसा यांवर काम केलं. मग १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि घरात गॅस आला. पण गॅस आला म्हणून चूल गेली का? सिलिंडर महाग झाला की चहा गॅसवर आणि भाकरी, आंघोळीचं पाणी चुलीवर. सरपण फुकट आहे असं आपण म्हणतो, कारण ते आणणाऱ्या बाईची मजुरी आणि तिच्या छातीची किंमत आपण धरत नाही.

आता बचत गटात बसून काय करता येईल ते बघू.

पहिलं, खोकल्याची दखल घ्या. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आशाताईंना सांगा आणि सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. क्षयाची तपासणी आणि औषधं तिथे मोफत आहेत. क्षय नाही निघाला म्हणजे प्रश्न संपला असं समजू नका. वर्षातून ३ महिने कफाचा खोकला, आणि तोही सलग २ वर्षं, हे श्वासनळ्यांच्या जुनाट आजाराचं लक्षण आहे. चढ चढताना बरोबरीच्या बायकांच्या मागे पडत असाल, तर ते नुसतं वय समजू नका. नळीत जोराने फुंकून करायची एक तपासणी असते, तिला स्पायरोमेट्री म्हणतात. ‘मी विडी ओढत नाही, पण तीस वर्षं चुलीपुढे बसले आहे,’ हे डॉक्टरांना आपणहून सांगा. पूर्वी क्षय होऊन गेला असेल तर तेही सांगा.

दुसरं, नागीण उठली तर गेरू लावत बसू नका. फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूवरचं औषध सुरू झालं तर जास्त फायदा होतो. डोळ्याजवळ किंवा कपाळावर उठली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. फोडातल्या पाण्याने कांजिण्या लागू शकतात, म्हणून तान्हं बाळ आणि कांजिण्या न आलेली गरोदर बाई यांना फोडांपासून जपा.

तिसरं, स्टेरॉइड. धाप लागली की एका इंजेक्शनने किंवा गोळीने ‘एकदम मोकळं’ करून देणारे असतात. त्यात बहुधा स्टेरॉइड असतं. योग्य वेळी, मोजून दिलं तर ते जीव वाचवतं. मनाने महिनोन् महिने घेतलं तर राखण झोपवतं, मग क्षय आणि नागीण दोघांना रान मोकळं मिळतं. तुमच्या गोळीत काय आहे ते विचारा. चालू असेल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी करा. पंपाने सवय लागते ही भीतीही सोडा. पंपातलं औषध थोडं असतं आणि थेट छातीत जातं. त्यानंतर चूळ भरायची एवढं लक्षात ठेवा.

चौथं, लस. जुनाट छातीच्या रुग्णाला दरवर्षी फ्लूची लस आणि न्यूमोनियाची लस घ्यायला सांगतात. नागिणीची लस २०२३ पासून आपल्या देशात मिळते. पन्नाशीपुढच्यांना तिचे दोन डोस देतात. ती खासगीत मिळते आणि महाग आहे. ज्यांना जुनाट आजार आहे त्यांनी डॉक्टरांना निदान विचारावं.

पाचवं, धूर. पूर्ण गॅस परवडत नसेल तर निदान आंघोळीचं पाणी बाहेर, उघड्यावर तापवा. सरपण वाळलेलंच वापरा, ओलं लाकूड दुप्पट धुमसतं. कौलं सारून किंवा भिंतीत वरच्या अंगाला झरोका काढून धुराला वाट द्या. चूल पेटलेली असताना तान्ह्याला मांडीवर घेऊन बसू नका. आणि सिलिंडर भरण्यासाठी गटातून छोटं कर्ज देता येतं का, हे ठरावाला घ्या. शेळीला कर्ज देतो, मग छातीला का नको?

शेवटी एक काम सांगते. एका गावच्या डॉक्टरने १६ वर्षं साधी वही ठेवली आणि निजलेल्या विषाणूचं कोडं सोडवलं. तुमच्या गटातही वही आहे. हप्ता, व्याज, दंड सगळं तुम्ही त्यात लिहिता. पुढच्या बैठकीत तिची शेवटची चार पानं वेगळी ठेवा. कोण किती वर्षं चुलीपुढे बसते, कुणाला खोकला किती दिवस आहे, कुणाला क्षय होऊन गेला, कुणाला नागीण उठली, एवढं लिहा. ती पानं गटातच ठेवा, आणि जिची नोंद तिला विचारूनच आशाताईंना, डॉक्टरांना दाखवा. बायकांच्या खोकल्याचे कागद पूर्वी कुणी केले नाहीत. आता ते आपणच करू या.